एक लोच कमी आहे

"खा, खा. खायचं तेवढं खायचं आणि वाळूत डोकं खुपसून बसायचं. भाडं नाही, काम नाही, आल्यागेल्याला तोंड दाखवायची रीत नाही. आणि बदनामी मात्र माझी!"

आई काचेला नाक टेकवून पुटपुटत होती. दाराशी चपलेचा पट्टा लावायला वाकलेली ताई तशीच वाकलेली राहिली.

"कसली बदनामी, आई?"

"तुझ्याशी कोण बोलतंय? मी यांच्याशी बोलतेय."

'हे' म्हणजे टाकीतले लोच जातीचे मासे. करंगळीपेक्षा जरा लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, पिवळट गुलाबी अंगावर तपकिरी पट्टे आणि ओठांवर केसासारख्या चार मिशा. इतर मासे कसे, टाकीत सोडले की मिरवायला लागतात. लोचांचं तसं नाही. ते पाण्यात सोडल्या सोडल्या खाली जातात, वाळूवर एक क्षण विचार करतात आणि दिसेनासे होतात. मग तुम्ही बसा काचेसमोर, चहा थंड करत.

ताईने हा चहा पुष्कळ वेळा थंड केला होता. बावन्न वर्षांची, सडपातळ, ताठ पाठीची, केसांत एक पांढरी बट जाणूनबुजून तशीच ठेवलेली. ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वरची ओळ खालच्या ओळीवर टेकवून बघायची, केसाएवढा फरक असला तरी काढून परत बसवायचा. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातचं हसू हसत होती आणि त्यांना ते माहीत नव्हतं. लॅबमधले तिला ताई म्हणायचे, दातांचे डॉक्टर ताई म्हणायचे, इमारतीतले म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठा असलेला पोस्टमनसुद्धा म्हणायचा. शेवटी सख्ख्या आईनेही तेच सुरू केलं होतं.

तिच्या एका डॉक्टरांनी दवाखान्याची बैठकीची खोली नवी केली आणि तिथली चार फुटी टाकी काढून टाकली. कारण काय, तर पेशंट माशांकडे बघत बसतात आणि नंबर आला तरी उठत नाहीत. ताईला ती टाकी टाकवेना. टेम्पोत घालून घरी आणली, खिडकीसमोरच्या भिंतीला लावली, पाणी भरलं आणि मासे आणायला दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात गेली.

तिथे टाकीवाले होते.

माणूस पंचावन्नच्या पुढचा, अंगाने भरलेला, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या आणि हात कायम ओले. कुणाशी हस्तांदोलन करायची वेळ आली की कोपर पुढे करायचा. ताईने बोट दाखवून "हे पट्टेवाले द्या" म्हटलं, तर त्याने लगेच दिले नाहीत. उलट तपासणी सुरू केली.

"खाली काय घातलंय? खडे?"

"हो. रंगीत. छान आहेत."

"आपल्याला छान आहेत. हे मिशांनी चाचपत चालतात. टोकदार खड्यांवर मिशा झिजतात यांच्या. आधी बारीक वाळू घाला, मग या."

"अहो, मी गिऱ्हाईक आहे!"

"तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि हे माझे आहेत," तो म्हणाला आणि हसला.

तिथेच सगळं बिघडलं. कारण त्याचा वरचा डावा सुळा तिरका होता. शेजारच्या दाताच्या खांद्यावर खांदा टाकून उभा असल्यासारखा, किंचित पुढे. ज्या बाईचं सगळं आयुष्य दात सरळ बसवण्यात गेलं, ती त्या एका तिरक्या दाताकडे बघतच राहिली. घरी येऊन तिने चार फुटी टाकीतला एकेक रंगीत खडा वेचून काढला आणि बारीक वाळू सात पाण्यांनी धुतली.

दुसऱ्या खेपेला त्याने लोच दिले. पण एक मागितला तर एक दिला नाही.

"लोच एकटा ठेवायचा नाही. एकटा लोच खात नाही, बाहेर येत नाही, दगडाखाली बसून राहतो. लोकांना वाटतं स्वभावच तसा आहे त्याचा. तसं नसतं हो ते. सोबत दिली की बघा कसे नाचतात."

हे बोलताना तो पिशवीला रबर गुंडाळत होता, तिच्याकडे बघतही नव्हता. ताई मात्र ती पिशवी छातीशी धरून घरी येईपर्यंत तेच वाक्य मनात घोळवत होती आणि चुकून स्वतःच्या इमारतीवरून पुढे निघून गेली.

आणखी एक गोष्ट होती. टाकीवाले तिला ताई म्हणत नव्हते. "अहो" म्हणायचे. "अहो, ऐकलंत का, नळीच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर आत शिरतील." दुकानात बाकीच्या बायकांना ताई, वहिनी, मावशी, सगळं चालायचं. हिला अहो. ताईने हे पाच-सहा वेळा तपासून बघितलं. फरक केसाएवढा होता, पण होता.

आता वाळू झाली, लोच झाले, स्पंज झाला, झाकण झालं. दुकानात जायला कारण उरलं नाही. ताईने दोन दिवस कळ काढली आणि तिसऱ्या दिवशी जाऊन म्हणाली, "एक लोच कमी आहे."

हे खोटं होतं. सगळेच्या सगळे टाकीतल्या लाकडी ओंडक्याखाली एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपले होते आणि ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"लोच दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," टाकीवाले म्हणाले. "नीट शोधलंत?"

"शोधला. म्हणजे… मेलेलाच सापडला."

टाकीवाल्यांचा चेहरा असा उतरला की ताईला जमीन दुभंगावी असं वाटलं. त्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. "अरेरे. कुठे सापडला?"

"फिल्टरमागे."

"रंग गेला होता? मिशा शाबूत होत्या?"

"मिशा… होत्या. दोन."

"दोनच?"

"चार असतील. मी फार वेळ बघू शकले नाही."

त्यांना ते पटलं. त्यांनी नवा लोच दिला आणि पाण्यात काहीतरी दोष असणार म्हणून संध्याकाळी बाटल्या, थेंब, रंगांचा तक्ता असं सगळं घेऊन घरी आले. पाणी तपासलं. पाणी उत्तम निघालं. चहा झाला. ते गेल्यावर ताईने आरशात बघितलं, तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली एक बाई तिच्याकडे बघून हसत होती.

मग काय, लोच मरायला लागले. एक वाळूत मेला. एक झाकणाच्या फटीतून बाहेर पडून वाळला. एक कशाने गेला ते कळलंच नाही. दर मृत्यूनंतर टाकीवाले हळहळायचे, नवा लोच द्यायचे आणि पाणी तपासायला यायचे. टाकीतलं पाणी इतक्या वेळा तपासलं गेलं की लॅबमध्ये ताईच्या तोंडून "याचं पाणी तपासलं का?" असं एका कवळीबद्दल निघालं.

लॅबमध्ये दुसरंही घडलं. एका आजोबांच्या कवळीत तिने वरचा डावा सुळा तिरका बसवला. मुद्दाम नाही. हातच तसा गेला. डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडून कधी होत नाही असं. हा सुळा?"

"जिवंत दिसतं तसं," ताई म्हणाली आणि जीभ चावली.

"आजोबा काढून द्यायला तयार नाहीत हो! म्हणतात, आरशात तीस वर्षांनी लहान दिसतो. आता त्यांच्या मित्रालाही तसाच हवाय."

घरात हे सगळं दोघींना दिसत होतं. आईला, आणि धाकट्या बहिणीला. धाकटी शहर बस चालवायची. तिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जायची सवय लागलेला, त्यामुळे घरात ती कुजबुजली तरी शेजारचे "काय झालं?" म्हणून विचारायचे. सुट्टीच्या दिवशी ती आईकडे यायची आणि टाकीसमोर पाय पसरून बसायची. दोघी ताईकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि हवेवर बोलायच्या.

कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. फार वर्षांपूर्वी एक हिशेबनीस ताईला भेटायला घरी येऊ लागला होता. शांत, चष्मेवाला, बरा होता. पण घरात आनंदाचं असं काही उधाण आलं की तिसऱ्या भेटीत धाकटीने मेजरिंग टेप आणून त्याच्या छातीचं माप घेतलं, स्वेटर विणायला, आणि आईने त्याला विचारलं, "झोपेत घोरता का? नाही, आपलं आधी माहीत असलेलं बरं." हिशेबनीस चहाचा कप ठेवून गेला तो गेलाच. तेव्हापासून दोघींनी कानाला खडा लावला होता. परत कुणी आलं तर बघायचं नाही, हसायचं नाही, विचारायचं नाही.

धाकटीला ते थोडंफार जमायचं. आईला फार जड जायचं. आयुष्यभर जी बाई मनात आलेलं तोंडात यायच्या आत बोलून टाकायची, ती आता टाकीवाले आले की तोंडात बडीशेप कोंबून बसायची. ते चहा घेत असताना आईचा चेहरा हळूहळू जांभळा व्हायचा आणि ते गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांना बोलायची.

अशा आनंदात दिवस चालले असताना एका संध्याकाळी टाकीवाले पाण्याचा थेंब मोजता मोजता म्हणाले, "या महिनाअखेर दुकान आवरतोय."

ताईच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिने अगदी सरळ धरला.

"जागेचा करार संपतोय. मुलगी तिकडे दुसऱ्या गावी असते, म्हणते, बाबा, किती दिवस एकटे हाताने करून खाणार, या आमच्याकडे. खोली रंगवून घेतलीये तिने माझ्यासाठी. बायको जाऊन नऊ वर्षं झाली." त्यांनी बाटली हलवली, रंग बघितला. "पाणी छान आहे तुमचं."

"हो का," ताई म्हणाली. "छान. म्हणजे, मुलगी काळजी करते ते."

"हो. तिला काय… तिला वाटतं इथे माझं काही नाही."

यावर कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. आईने बडीशेपेचा आणखी एक बकाणा भरला. धाकटीने टाकीतल्या ओंडक्याचं कौतुक केलं. ताईने विचारलं, "साखर घालू?" आणि आधीच गोड असलेल्या चहात आणखी दोन चमचे घातले. त्यांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

त्यानंतर ताईच्या लोचांची मरतुक भयंकर वाढली. आठवड्याला दोन-दोन. दुकानात शेल्फ रिकामे होत चालले होते, एकेक टाकी पालथी घालून ठेवली जात होती, आणि ताई दर वेळी ठरवून जायची की आज बोलायचंच. दारातून आत शिरेपर्यंत वाक्य तयार असायचं. त्याने ओले हात पुसत "अहो, या" म्हटलं की वाक्य जायचं आणि तोंडातून यायचं, "एक लोच कमी आहे."

आणि याच सुमाराला तिला स्वतःच्या डोक्याची काळजी वाटायला लागली. कारण तिला लोच जास्त दिसायला लागले. संध्याकाळी टाकीचा दिवा बंद करून खाऊच्या गोळ्या टाकल्या की लोच बाहेर पडायचे. ओंडक्याखालून, मुळांमधून, वाळूतून, पट्टेच पट्टे, नुसती वळवळ, काचेवरून वर जाऊन धबाधब खाली पडणारे, एकमेकांच्या गळ्यात पडणारे. आनंदाला आकार असता तर तो असाच दिसला असता. पण हे इतके? लोच मोजणं म्हणजे उकळत्या पाण्यातल्या नूडल्स मोजणं. ती मोजायची, हरायची, परत मोजायची. दर वेळी आकडा तिने आणलेल्यांपेक्षा मोठा यायचा. प्रेमात माणसाला दोन-दोन दिसतात असं ऐकलं होतं. पण ते तारे वगैरे असतील असं तिला वाटलं होतं.

कुणाला विचारणार? सगळ्या जगाला तर तिने ते मेले म्हणून सांगितलं होतं.

रविवारी सकाळी आईची हाक आली. "ताई! अगं टाकी रडायला लागली!"

खरंच रडत होती. खालच्या कोपऱ्यात, जिथे दोन काचा सिलिकॉनने जोडलेल्या असतात, तिथून थेंब थेंब पाणी पाझरत होतं आणि जमिनीवर एक छोटासा ओघळ बैठकीच्या गालिच्याकडे निघाला होता. आईने पातेलं लावलं. धाकटी आलेलीच होती, तिने टॉवेल लावला. ताईने टाकीवाल्यांना फोन लावला. ते दहा मिनिटांत हजर झाले. एका पायात चप्पल, एका पायात सँडल.

त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "सांधा सुटलाय. पूर्ण रिकामी करून, वाळवून परत भरावा लागेल. बादल्या आणा. टब आणा. जे असेल ते आणा."

घरातली सगळी भांडीकुंडी बैठकीत आली. त्यांनी नळी टाकून टाकीतलंच पाणी टबात उतरवलं, लोचांना तेच ओळखीचं पाणी हवं म्हणून. झाडं काढली, ओंडका काढला. धाकटीने जाळी उचलली तर ते ओरडले, "जाळी नको! यांच्या डोळ्याखाली काटा असतो, तो जाळीत अडकतो. मगा घ्या. मग्याने अलगद."

मग सुरू झाली धरपकड. एक खिडकीकडे, एक कोपऱ्यात, दोन वाळूत. टाकीवाले हाताने वाळू हळूच उसवायचे, पट्टा चमकला की ताई मगा पुढे धरायची, लोच आत शिरायचा, किंवा शिरल्यासारखं करून ऐनवेळी तिच्या बोटांमधून सटकायचा. अंगाला खवले नावालाच, साबणासारखे गुळगुळीत. ताई किंचाळायची, धाकटी खिदळायची, आई खुर्चीवर बसून "तो बघा, तो बघा, लबाड!" करत मोजत होती. आई चष्मा बदलून बसली होती.

"आठ… नऊ… दहा… अकरा."

ताईचा हात थांबला. अकरा हा तिने आणलेल्यांचा आकडा होता. मेलेले धरून.

"बारा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज चमत्कारिक झाला. "तेरा."

वाळू अजून हलत होती.

"पिल्लं झाली असतील," धाकटी घाईघाईने म्हणाली. "होतात ना हो पिल्लं?"

टाकीवाले इतकी वर्षं मासे सांभाळत होते. घरच्या टाकीत या लोचांना पिल्लं होणं म्हणजे किती दुर्मीळ गोष्ट, हे त्यांनीच एकदा ताईला अर्धा तास समजावलं होतं. ते म्हणाले, "हो, हो. होतात कधी कधी."

"पूर्ण वाढलेली?" ताईने विचारलं.

"निरोगी असतात."

"अठरा," आई म्हणाली. "एकोणीस. अगं बाई."

पंचवीस झाले. सव्विसावा टाकीवाल्यांच्या बाहीत शिरला आणि कोपरापाशी बाहेर आला. एकोणतिसाव्यानंतर वाळू शांत झाली. टबात पट्ट्यांचा एक मोठा गोळा फिरत होता, सुटत होता, परत होत होता. चौघं टबाभोवती बसली होती, कोपरापर्यंत ओली, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"मी सांगते," आई म्हणाली. "मला नाही आता सहन होत. दुपारी यांना खाऊ मी घालते ना? तू रोज सांगायचीस, आज एक गेला, आज एक गेला. मला वाटलं, माझ्या हातूनच मरतायत. जास्त खायला घालून. म्हटलं, आधीच हिचं… म्हटलं, तुला वाईट वाटायला नको. पिशवीवर यांचा नंबर होता. मी फोन करून मागवायचे. आठ मागवले."

"आई! आठ?"

"तुझेही मरणारे थांबेनात!"

"मी चार," धाकटी म्हणाली आणि दोन्ही हात वर केले. "माझी बस यांच्या दुकानावरूनच जाते. मला वाटलं, दुकान जरा चाललं तर… म्हणजे, कुणीतरी घेत राहिलं पाहिजे ना. एकदा पिशवी स्टिअरिंगशेजारी टांगून आणली. इतकी अलगद चालवली की उतारू विचारायला लागले, बिघडलीये का? वीस मिनिटं उशीर झाला. मेमो मिळाला."

ताईने मनात बेरीज केली. सहा उरत होते. तिने टाकीवाल्यांकडे बघितलं. ते टबातल्या पाण्यात फार लक्ष देऊन बघत होते.

"पिशवीत एखादा जास्तीचा टाकायचो," ते म्हणाले. "तुमच्या. सोबत लागते त्यांना."

धाकटीला खोकला आला. आईने बडीशेपेचा डबा शोधला. तो स्वयंपाकघरात होता. तिने नुसताच हात तोंडावर दाबून धरला.

तेवढ्यात ताईच्या मनात आणखी एक गोष्ट टकटक करायला लागली. "आई, तू मागवायचीस म्हणजे आणून कोण द्यायचं?"

"हेच. दुसरं कोण?"

"दुपारी? तुम्ही दुपारी इथे येत होता?"

"मावशींनी शपथ घातली होती," टाकीवाले म्हणाले. "चहा देतात छान."

"आणि टाकीत मासे सोडायचात."

"हो."

"टाकीत बघून."

"हो. म्हणजे… बघावं लागतं ना."

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," ताई हळूहळू म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. "सगळे जिवंत आहेत. तुम्हाला दिसत होतं. आणि मी संध्याकाळी दुकानात येऊन सांगायचे, मेला. तुम्ही मिशा शाबूत होत्या का म्हणून विचारायचात!"

"विचारायला लागतं."

"मग बोलला का नाहीत?"

टाकीवाल्यांनी ओल्या हाताने कपाळ पुसलं, ते जास्तच ओलं झालं. इथे त्या माणसाला खरं बोलायची संधी होती. पण तोही घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस सभ्यपणाच्या ओंडक्याखाली शिरतो. "नाही, मला वाटलं," ते म्हणाले, "तुम्हाला मोजायला जमत नसेल. बऱ्याच लोकांना नाही जमत. लोच मोजणं अवघडच असतं. त्यात कमीपणा नाही काही." आणि ते उठून बादली सरकवायला लागले. "आता असं करू. एवढे तुम्हाला कशाला? निम्मे मी बरोबर नेतो. मुलीकडे जागा आहे. सामान उद्या जायचंय, त्यातच…"

"काय म्हणालात?"

धाकटीने ताईचा हा आवाज यापूर्वी एकदाच ऐकला होता, लॅबमध्ये कुणीतरी तिचं काम उद्धट हाताने तपासलं होतं तेव्हा. ती भिंतीला सरकली.

"निम्मे नेतो म्हणालो…"

"त्याच्या आधी."

"मोजायला जमत…"

"मला!" ताई उभी राहिली. तिच्या साडीच्या काठापासून कोपरापर्यंत पाणी निथळत होतं, केसाला पाणवनस्पतीचं एक पान चिकटलं होतं आणि हातात मगा होता. "मला मोजता येत नाही? अहो, मी दोन दातांमधल्या फटीत केसाएवढा फरक पकडते! डोळे मिटून, बोटाने! या शहरात कुणाचं खालचं आणि वरचं किती जुळतं ते मला विचारा! आणि मला अकरा लोच मोजता येत नाहीत? एकूण एक माहीत होते मला. कुठला कुठे झोपतो, कुणाच्या शेपटीवर तुटका पट्टा आहे, सगळं. एकही मेला नव्हता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!"

टबात एक लोच पाण्याच्या वर येऊन हवेचा घोट घेऊन परत गेला.

"मग," टाकीवाल्यांनी फार बारीक आवाजात विचारलं. त्यांच्या हातातली बादली कलली होती आणि पाणी त्यांच्याच पायावर, सँडलच्या पायावर, सांडत होतं. "मग दर वेळी ते… मेला म्हणून का…"

आईने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. धाकटीने आईचा दंड धरला. ती बस चालवताना चढावर श्वास रोखते तसा तिने श्वास रोखला. दोघींच्या डोळ्यांत एकच वाक्य उभं होतं, गेले कित्येक महिने तिथेच उभं होतं, आणि दोघींनी ते प्राणपणाने आत धरून ठेवलं होतं.

ताईने मगा खाली ठेवला. त्या माणसाकडे बघितलं, त्याच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे, त्या तिरक्या सुळ्याकडे.

"कारण मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "म्हणून मारत होते मी त्यांना."